चार बैठकांत काय घडतं?

दारू सोडायची तर एकतर मोठा दवाखाना गाठायचा, नाहीतर माळ घालायची. तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या बारामती-इंदापूरवरून पुढे जाते, तिथे या दोन्ही वाटा घरोघरी ठाऊक आहेत. तिसरी वाट फार थोड्यांच्या कानावर गेली आहे. तिच्यात गोळी नाही आणि डॉक्टरही नाही. शिकवून तयार केलेला एक साधा माणूस आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या जास्तीत जास्त चार बैठका, एवढंच! एवढ्याने दारू सुटते, हे मला अजूनही चमत्कारासारखं वाटतं. पण हा चमत्कार मोजून पाहिलेला आहे.

तो मोजला गेला आपल्या शेजारी, गोव्यात. ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक कोण? मानसोपचाराचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक मंडळी. त्यांच्यासमोर आलेले पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते, पण पुरते व्यसनाधीन झालेले नव्हते. तीन महिन्यांनी या बैठकांना बसलेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीबाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. खरं नवल पुढेच आहे. वर्षभराने हे आकडे ५४ आणि ३२ झाले. बैठका कधीच संपल्या होत्या, तरी अंतर वाढलं!

मग त्या बैठकांत घडतं तरी काय? समजा, बारामती एमआयडीसीतला एक ऑपरेटर आहे. सेकंड शिफ्ट सुटते, पगार झालेला असतो, रूमवर कुणी वाट बघणारं नसतं. समुपदेशक त्याला ‘सोड’ म्हणत नाही. तो विचारतो, “दादा, कुठल्या दिवशी जास्त होते? बरोबर कोण असतं? त्याआधी काय झालेलं असतं?” महिन्याचा हिशेब त्यालाच मांडायला लावतो. हळूहळू त्या माणसाच्याच तोंडून येतं की पगाराच्या संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळतात. मग दोघं मिळून ती एकच संध्याकाळ हातात घेतात. पैसे आधीच घरी पाठवायचे, गेटवरून दुसऱ्या रस्त्याने यायचं, मित्राने आग्रह केला तर काय बोलायचं ते आत्ताच, इथेच म्हणून बघायचं. तलफ चढते तशी ओसरतेही, तेवढा वेळ काढायला शिकायचं. माळ घालून ज्यांची दारू सुटली, त्यांचंही मला यात थोडं उत्तर दिसतं. त्यांची संध्याकाळ बदलते, सोबत बदलते, आणि नाही म्हणायला सर्वांना मान्य असलेलं कारण मिळतं.

याच धर्तीवरचा नैराश्याचा उपचार तर याहून अजब आहे. आपण समजतो, मन ताळ्यावर आलं की माणूस कामाला लागेल. इथे क्रम उलटा धरतात. आधी एखादी छोटी कृती, अंगणात दहा मिनिटं बसणं किंवा बहिणीला फोन करणं, आणि मन मागून येतं. सहा ते आठ बैठका. गोव्यातल्या त्याच केंद्रांवर या बैठकांना बसलेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

महाराष्ट्रातही हे जमलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी बैठका घेतल्या, मनाच्या आजाराबद्दल उघड बोलणं सुरू झालं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात जेमतेम चार होते, ते दीड वर्षात सत्तावीसपर्यंत पोचले. नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ सुरू केलं. तिथले गावकरी कार्यकर्ते धीर देतच, शिवाय सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण अडकलेल्या पेन्शनचा घोर नुसत्या बोलण्याने जात नाही.

साधा माणूसही आधार देऊ शकतो, हेच पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून सांगत आलंय. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे इतरांना आधार देतात. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण दारू एकाच्या पोटात गेली तरी घर सगळंच भोगतं.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायलाच हवा. जो रोज सकाळपासून पितो, त्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरच लागतो. मनावरच्या आघातातही अशीच काळजी घ्यावी लागते. प्रेस मशीनमध्ये एखाद्याचा हात गेला, तर शेजारच्या मशीनवरच्या साथीदाराला लगेच खोदून खोदून विचारू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की आधी सुरक्षितता, घरच्यांशी बोलणं, हवी ती व्यवहारातली मदत. बोलायचं असेल तर ऐकून घ्यावं, जबरदस्ती नको.

आता बारामतीकडे बघा. २०१९ पासून इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशाताई वाड्यावस्त्यांवर पोचतात. एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत माणसं आहेत. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांवर हंगामात ऊसतोड टोळ्या येतात. शिकवणारे इथे मिळतील, शिकणारेही मिळतील. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून गुण देत आणि चुका सुधारत. ते इथेही करता येईल. प्रत्येक कंपनीने, प्रत्येक कारखान्याने आपल्यातली दोन माणसं या शिक्षणासाठी मोकळी करावीत, आणि त्या बैठका ड्यूटीच्या वेळेतच धराव्यात. रजा टाकून, पगार कापून कोण येणार?

तोवर एक नंबर गेटवर, कँटीनमध्ये, ठेकेदाराच्या खोलीवर लिहून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लावता येतो, आणि मराठीत बोलता येतं.