पेशींचे निरोप आणि पीएच.डी.नंतरचीं वर्षें



गेल्या दिवाळींत मंचरच्या बाजारांत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. घोडेगांवाकडील शेतकरी. त्याची कन्या पुण्यास प्रथिनांच्या रचनेवर काम करून नुकतीच पीएच.डी. झाली आहे. तो म्हणाला, "गुरुजी, पोरगी आतां आणखी दोन वर्षें पोस्ट-डॉक करायचें म्हणते. सर्वांत मोठी पदवी मिळाली, मग शिकायचें राहिलें काय?" मी पडलों मॅट्रिक झालेला मास्तर, मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वाचून व जाणत्यांस विचारून जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम विषय पाहूं. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं, किल्ल्याच्या तटासारखा, एक पातळ पडदा असतो. इन्सुलिन हा निरोप्या रक्तांतून तटापाशीं येतो, परंतु निरोप देण्यासाठीं त्याला आंत शिरावें लागत नाहीं. तटांत बसलेलें एक प्रथिन त्याला बाहेरच्या बाजूनें धरतें, व त्यासरशीं त्याच्या आंतील बाजूची ठेवण बदलते. तो बदल दुसऱ्या प्रथिनास जागें करतो, दुसरें तिसऱ्यास. शिवनेरीच्या सात दरवाजांवर एका पहारेकऱ्यानें दुसऱ्यास हांक द्यावी, तसा निरोप आंत पोंचतो आणि स्नायूची पेशी रक्तांतील साखर आंत घेऊं लागते. एखादा पहारेकरी निरोप आला नसतांच ओरडूं लागला, तर पेशी विनाकारण वाढत राहते. कित्येक कर्करोगांत हेंच घडतें. त्याचें तोंड बंद करणारें औषध शोधावयाचें, तर त्याचा नेमका आकार ठाऊक असला पाहिजे.

हा आकार साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहीं. म्हणून प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडतात. डोरोथी हॉजकिन यांनीं अनेक वर्षांच्या परिश्रमानें इन्सुलिनची रचना 1969 सालीं याच रीतीनें उलगडली. दुसरी रीत म्हणजे प्रथिन अतिशीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. तिला 2017 चें नोबेल पारितोषिक मिळालें. संगणकानें आकार वर्तविण्याच्या कामास तेंच पारितोषिक 2024 सालीं लाभलें. परंतु निरोप पोंचतांच प्रथिन कसें हालतें, याचा खरा निवाडा अजूनहि प्रयोगच करतो.

आतां मूळ प्रश्न. पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा गुरूच्या प्रश्नावर, गुरूच्या हाताखालीं काम करतो. पुढचीं वर्षें दुसऱ्या प्रयोगशाळेंत जाऊन दुसरी विद्या हस्तगत करण्याचीं व स्वतःचा प्रश्न निवडण्याचीं. वेंकटरामन रामकृष्णन यांची पीएच.डी. पदार्थविज्ञानांतील, येल येथें अशाच उमेदवारींत ते रायबोसोमकडे वळले, व त्याच विषयानें त्यांना 2009 चें नोबेल मिळवून दिलें.

आपल्याजवळ पुण्यांत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र व पाषाणची आयसर संस्था आहे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्था, खारघरला टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्ति दोन वर्षांची असते. वयोमर्यादा पस्तीस, स्त्रियांस पांच वर्षांची सवलत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या शिष्यवृत्त्या निराळ्या. परदेशासाठीं युरोपची एम्बो, मेरी क्यूरी यांच्या नांवाची योजना आणि ह्यूमन फ्रंटिअर ही संस्था आहे. नियम बदलत असतात. म्हणून अर्जापूर्वीं त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

मात्र एक गोष्ट लपवूं नये. ही कायमची नोकरी नव्हे, आणि तिच्या शेवटीं नोकरी मिळेलच, असें वचन कोणी देत नाहीं. म्हणून जाण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: वेतन किती काळ निश्चित आहे, आपण सुरू केलेला प्रश्न निघतांना बरोबर नेतां येईल काय, आणि तेथून पूर्वीं गेलेले आज कोठें आहेत.

कमलाबाई सोहोनी यांना, त्या कमला भागवत असतांना, 1933 सालीं बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला. पुढें केंब्रिजला त्यांनीं वनस्पतींतहि सायटोक्रोम सी हें प्रथिन असतें हें दाखविलें व 1939 त पीएच.डी. मिळविली. श्वसनाच्या कामांतील हें प्रथिन. 1996 सालीं असें आढळलें कीं, प्राण्यांच्या पेशींत तेंच आपल्या जागेवरून सुटलें म्हणजे पेशीला मरणाचा निरोप देतें. आणि त्या निरोपानें सात आऱ्यांच्या चाकासारखी एक प्रथिन-रचना उभी राहते, हें पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दिसलें. एका पिढीनें टाकलेलें पाऊल पुढच्या पिढ्यांना असें उपयोगी पडतें.

हें सारें मीं त्या बापाच्या ओटीवर बसून सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ही पुन्हां शाळा नव्हे; स्वतःची पहिली पेरणी आहे. पीक येईलच असें नाहीं." मीं म्हटलें, "बरोबर समजलास." याहून चांगलें उत्तर मला अद्याप सुचलेलें नाहीं.