'इरिगेशन'ची फोड

जळगावच्या केळीपट्ट्यात ठिबक आले आणि 'इरिगेशन' हा शब्द बांधाबांधावर रुळला. लांब इंग्रजी शब्द फोडायचा कसा, ते याच शब्दावर पाहू.

आधी कानाने. टाळी वाजवत म्हणा: इ-रि-गे-शन. चार ठोके. मराठीत आपण चारही ठोके जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत मुख्य जोर एकावरच पडतो, इथे 'गे'वर. 'शन'मधला स्वर तर जेमतेम ऐकू येतो. 'इरिगेट' म्हणताना हाच जोर पहिल्या 'इ'वर होता. 'शन' लागताच तो सरकून त्याच्या अलीकडच्या ठोक्यावर आला. कल्टिवेट, कल्टिवेशन म्हणून पाहा, तेच घडते. म्हणून लांब शब्दाचे शेपूट आधी पाहावे. जोर कुठे द्यायचा ते बहुधा तिथेच कळते.

आता अर्थाने. शब्द मूळचा लॅटिन. त्यातला 'रिग' म्हणजे भिजवणे. त्याआधीचा 'इन्' पुढच्या 'र'मुळे 'इर्' झाला, सत् अधिक जनचे सज्जन होते तसा. 'इर्रेग्युलर'मधला 'इर्' मात्र नकाराचा. दिसायला जुळे, अर्थाने परके. अशा वेळी शब्दकोश उघडावाच. धातूपर्यंत खणण्याची ही सवय खानदेशाला नवी नाही. मराठी धातूंचा कोश रचणारे वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. कानाची फोड आणि अर्थाची फोड जुळतेच असे नाही. 'रिग'मधला 'रि' एका ठोक्यात गेला, 'ग' पुढच्या ठोक्याला चिकटला. 'पाटबंधारे' म्हणताना पाट आणि बंधारे बरोबर जोडावरच सुटतात. पण 'पाण्यात' म्हणा, तिथल्या 'त'ला स्वतःचा अर्थ आहे, स्वतःचा ठोका नाही. मुलांना शिकवताना या दोन फोडी वेगवेगळ्या कराव्यात: ठोके टाळीने, अर्थाचे तुकडे पेन्सिलीने.

ठिबकच्या नळीतून पाण्याबरोबर खत सोडतात, त्याला शेतकरी 'फर्टिगेशन' म्हणतात. फर्टिलायझरचे डोके, इरिगेशनचे शेपूट. हा जोड देताना धातू मधोमध कापला गेला: 'रि' गळाला, 'ग' राहिला. अर्थाच्या जोडावर नव्हे, ठोक्यावर कापलेला हा शब्द आज शिवारात चालतो आहे, आणि त्यातही जोर 'गे'वरच पडतो.