दवंडी आणि कान

गावात साथ आली की पूर्वी दवंडी पिटली जाई. पण दवंडी कितीही खणखणीत असो, ऐकणाऱ्याला कानच नसतील तर तिचा उपयोग काय? मंडळी, आपल्या शरीरातही अशीच दवंडी चालते. रोगजंतू आत शिरले की पेशी काही प्रथिने सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. ‘वाढा, तयार व्हा, लढा’ हा त्यांचा निरोप. तो ऐकणारे पेशींचे कान म्हणजे ग्राही.

या कानांचा एक भाग घडवण्याची कृती ‘आयएल-टू-आरजी’ नावाच्या जनुकात असते. हा भाग सहा निरनिराळ्या ग्राहींना लागतो. म्हणून जनुक बिघडले की सहाही दवंड्या ऐकू येईनाशा होतात. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयारच होत नाहीत. मग साधे जुलाब, साधा खोकलाही बाळाच्या जिवावर उठतो.

अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९७१ साली डेव्हिड व्हेटर हा मुलगा जन्मला. त्याचा थोरला भाऊ याच रोगाने तान्हेपणी गेला होता. म्हणून डेव्हिडला जन्मापासून प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवले. १९८३ मध्ये त्याला बहिणीची अस्थिमज्जा दिली. पण तिच्यात एक विषाणू दडून होता. फेब्रुवारी १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी, तो वारला. दोषी जनुक सापडले ते १९९३ साली.

आता घरातली गोष्ट. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईजवळ दोन एक्स. एक बिघडले तरी दुसरे निभावून नेते. मुलाला एकच मिळते, तेही आईकडून. म्हणून हा रोग बहुधा मुलग्यांना होतो. पण यासाठी आईला बोल लावाल, तर तो अन्याय होय. आपले गुणसूत्र कुणी निवडून घेत नाही. आणि कित्येकदा हा दोष घराण्यात नव्यानेच उपजतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बीसीजीची लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. निरोगी बाळाला ती हितकारक, ती टाळू नये. पण या बाळांच्या अंगात तेच जंतू फैलावू शकतात. तेव्हा बाळाचे भाऊ, मामा किंवा मावसभाऊ तान्हेपणी वारंवार आजारी पडून दगावले असतील, तर लस टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. रोग लवकर कळला, तर अस्थिमज्जा रोपण करून अशी पुष्कळ बाळे आज वाचतात.

गुरुजी, शाळेत पालक जमतील तेव्हा एवढे अवश्य सांगा. घरातला मृत्यू दैवावर टाकून गप्प बसू नये. त्याची हकिगत पुढच्या बाळाला वाचवू शकते.