कॉइलच्या दोन टोकांचा हिशेब

गाडीच्या टपावरून ४० मीटर बँडवर बोलायचं म्हटलं की पहिली अडचण लांबीची. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटरच्या आसपास भरते आणि टपावर राहते जेमतेम २.४ मीटरची काठी. ती रेझोनन्सवर यावी म्हणून बुडाशी किंवा मध्यावर कॉइल घालतात. इथवर सगळ्या हॅम मंडळींचं एकमत असतं.

पुढे मात्र जुनेजाणतेही ठासून सांगतात: काठीची जेवढी लांबी कमी पडली तेवढी कॉइल भरून काढते, आणि त्या लांबीत प्रवाह जितका घटला असता तितकाच कॉइलमध्ये घटतो.

आकडे घालून बघा. पूर्ण पाव तरंग ९० अंशांचा. आपली काठी २० अंशांची, म्हणजे बुडाशी बसवलेल्या कॉइलच्या वाट्याला ७० अंश. मग कॉइलच्या वरच्या टोकाला प्रवाह खालच्याच्या साधारण ३४ टक्के उरायला हवा. आटोपशीर कॉइलच्या दोन्ही टोकांना मीटर लावले तर तो ९० टक्क्यांच्या वर भरतो!

तारेच्या लांबीचाही मेळ बसत नाही. अशा काठीचा कपॅसिटन्स २५ पिकोफॅरडच्या घरात धरला, तर सुमारे २० मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. ५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर ५ सेंटीमीटर लांबीत २४ वेढे घेतले की काम झालं. त्यात तार जाते पावणेचार मीटर. काठीला कमी पडले होते आठ. कॉइल रुळावर आणते ती रिअॅक्टन्स. लांबी तिच्यात कुठेच साठवलेली नसते.

हे पटलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात: कॉइलमध्ये शिरलेला प्रवाह जसाच्या तसा बाहेर पडतो, पुस्तकात तसंच लिहिलंय. पुस्तकातली कॉइल ठिपक्याएवढी असते, आपली मोकळ्या हवेत उभी असते. शेतातली ठिबकची नळी आठवा. ड्रिपरागणिक पाणी बाहेर पडतं आणि शेवटच्या टोकाला धार उरत नाही. काठीतही प्रवाह असाच, तिच्या आणि टपाच्या मधल्या कपॅसिटन्समधून, वाटेवर सांडत जातो. शेंड्यावर तो शून्य होतो. कॉइल ही त्या नळीला जोडलेली आखूड जोडनळी. तिलाही चार छिद्रं आहेत, पण पुढे शंभर ड्रिपर असतील तर त्या चारांची गळती कुणाच्या लक्षात येणार?

पुढे पाचच ड्रिपर असले की चित्र पालटतं. लांबोडकी कॉइल उंचावर आणि तिच्या डोक्यावर वीतभर काठी असेल, तर दोन टोकांच्या प्रवाहांत मोठी तफावत पडते. त्याच कॉइलवर तारांची टोपी, म्हणजे कपॅसिटी हॅट, चढवा, तफावत आटते. कॉइल तीच, तिचे ‘अंश’ही तेच असायला हवे होते. तेव्हा फरक ठरतो तो कॉइलच्या स्वतःच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या कपॅसिटन्सचं, तिच्या डोक्यावरच्या काठी-टोपीच्या कपॅसिटन्सशी काय प्रमाण पडतं त्यावर.

कॉइल तापते म्हणून प्रवाह घटतो, हेही ऐकू येतं. तापण्यात शक्ती जाते. एकसरीतल्या रोधाने त्याच्या दोन टोकांना प्रवाह वेगळा होत नाही.

शक्ती मात्र खरोखरच बरीच जाते. बुडाशी कॉइल असताना या काठीचा प्रारण-रोध सव्वा ओहमच्या आसपास. कॉइल मध्यावर नेली की तो तीन ओहमजवळ जातो, कारण खालचा अर्धा भाग जवळजवळ पूर्ण प्रवाहाने काम करू लागतो. पण वरची काठी निम्मी झाल्याने कॉइल जवळजवळ दुप्पट मायक्रोहेन्रीची लागते. २०० च्या क्यू-फॅक्टरला तिचा रोध साडेचारावरून नऊ ओहमवर चढतो. गाडी आणि जमिनीचे दहा ओहम धरले, तर पहिल्या मांडणीत सुमारे ८ टक्के शक्ती हवेत जाते, दुसरीत सुमारे १३.

आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे केबलशी जुळणी किती बिघडली त्याचं माप? पहिल्या मांडणीत एकूण रोध १६ ओहम, म्हणजे ५० ओहमच्या केबलवर तो तीनच्या वर. कॉइल आणखी वाईट, पातळ तारेची गुंडाळा, एसडब्ल्यूआर सुधारेल. शक्ती नुसती जिरवणाऱ्या डमी लोडचा तर एकच येतो, त्यावरून कुणी मुंबई-दिल्ली बोललेलं नाही.

मोजायचं असेल तर फेराइटच्या कड्यांवरचे दोन छोटे प्रवाहमापक घ्या, लोंबत्या वायरी न ठेवता कॉइलच्या दोन टोकांना लावा. एकदा वाचन घेतलं की दोघांची जागा बदलून पुन्हा घ्या.