मागच्या बाकावरचं लक्ष

जेकब कौनिन अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. एकदा त्यांचा तास ऐन रंगात आलेला असताना एक विद्यार्थी खुशाल वर्तमानपत्र उघडून बसला. कौनिन यांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. वर्तमानपत्राची घडी झाली, पण त्यांना नवल वाटलं ते इतरांचं. ज्यांना कुणी अवाक्षरही बोललं नव्हतं, तेही चिडीचूप झाले आणि त्यांच्या नजरा वह्यांत गेल्या. एकाला भरलेल्या दमाचा बाकीच्यांवर नेमका काय परिणाम होतो, याचा छडा लावायचं कौनिन यांनी मनावर घेतलं.

या शोधातून १९७० साली त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष मात्र त्यांच्या अपेक्षेच्या उलटा होता. शिक्षक कडक शब्दांत रागावले की समजुतीने बोलले, यावर मुलांचं वागणं फारसं ठरत नव्हतं. शाळांमधल्या वर्गांची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शांतपणे काम चालणाऱ्या वर्गातले शिक्षक आणि सतत गलका असणाऱ्या वर्गातले शिक्षक रागावण्याच्या बाबतीत साधारण सारखेच होते. फरक होता रागावण्याची वेळ येण्याआधीच्या गोष्टींत. चांगल्या शिक्षकाला फळ्यावर लिहितानाही मागे काय चाललंय याचा अंदाज असतो आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. तो एका गटाशी बोलताना दुसऱ्या गटाकडे नजर ठेवतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, तो स्वतःच धड्याची लय मोडत नाही.

हा शेवटचा मुद्दा शिक्षकांना जरा झोंबणारा आहे. गणित समजावताना जमिनीवर कागदाचा बोळा दिसतो, मग तो कुणी टाकला याची चौकशी सुरू होते, त्यातून स्वच्छतेवर पाच मिनिटं व्याख्यान होतं आणि परत फळ्याकडे वळेपर्यंत निम्मा वर्ग हातातून गेलेला असतो. एका मुलाचं लक्ष नाही म्हणून उरलेल्या साऱ्यांचं लक्ष उडवण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या शाळांतही रोज घडतो. त्यात मध्येच शिपाई सूचनांची वही घेऊन येतो, ते वेगळंच.

मुलांचं लक्ष दहा-पंधरा मिनिटंच टिकतं, हे वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास ऐकू येतं. २००७ साली कॅरेन विल्सन आणि जेम्स कॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी या समजुतीची मुळं शोधली, तेव्हा तिला भक्कम पुरावाच सापडला नाही. पुढे २०१० साली रसायनशास्त्राच्या महाविद्यालयीन वर्गांत विद्यार्थ्यांच्या हाती बटणाचं छोटं यंत्र देण्यात आलं आणि लक्ष भरकटलं की ते दाबायला सांगण्यात आलं. दिसलं असं, की तासभर लक्ष थोडं थोडं जात-येत राहतं. सुरुवातीलाही जातं, बऱ्याचदा मिनिटभराच्या आत परतही येतं. प्रयोग दाखवताना किंवा प्रश्न विचारताना ते कमी वेळा भरकटतं. विशेष म्हणजे, त्यानंतर लगेच येणाऱ्या व्याख्यानातही हा फायदा थोडा टिकून राहतो.

प्रश्न तर प्रत्येक शिक्षक विचारतोच. पण कसा? ‘कळलं का?’ या प्रश्नाला वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि त्या होकारात न कळलेली सगळी मुलं लपून जातात. दुसरी सवय म्हणजे आधी नाव घ्यायचं आणि मग प्रश्न टाकायचा. नाव घेतल्याबरोबर उरलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो. प्रश्न आधी, मग थोडी शांतता आणि नाव सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवला तर त्या शांततेत साऱ्या वर्गाला विचार करावा लागतो.

ही शांतता किती असावी, यावर मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात मोलाचं काम केलं. प्राथमिक शाळांमधल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकताना त्यांना आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. उत्तर आलं नाही की प्रश्न पुढच्याला, नाहीतर उत्तर स्वतःच. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना थोडा जास्त वेळ मिळतो आणि ज्यांना खरी गरज असते त्यांना कमी. शिक्षकांनी तीन सेकंद थांबायची सवय लावून घेतल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे फार नव्हे, पण फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ते युगासारखे वाटतात.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९०च्या सुमारास याच्या पुढची पायरी गाठली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांवर गडबडत. मेझर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून पर्यायांचा प्रश्न द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं आणि पुन्हा निवडायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला आपल्या मित्राचं घोडं कुठे अडलंय ते प्राध्यापकापेक्षा चांगलं कळतं. हे करायला महागडं यंत्र लागत नाही. चार रंगांचे पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात.

अशा सहभागी अध्यापनाचे २२५ अभ्यास एकत्र तपासणारा एक मोठा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. तरीही मुलांना स्वतःला कोणता वर्ग आवडतो? २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या प्रयोगात, स्वतः प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना! एखादे सर ‘किती छान शिकवतात’ हे ऐकून पालकांनी हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत, आली तर बसत नाहीत, ही तक्रार त्यांनी उलटी करून पाहिली. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. मोजायला बिया आणि खडे होते, ओळखायला झाडांची पानं होती. हाताला ओळखीचं काम मिळाल्यावर ही मुलं बसू लागली. अलीकडच्या काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी हेच वेगळ्या रीतीने केलं. तिथे वर्गाच्या फरशीवर आखलेल्या चौकटींभोवती मुलं गटाने बसत, काड्या-मणी मांडून बेरीज करत, शब्द जुळवत, आणि बाई गटागटांतून फिरत. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालवणाऱ्या शाळेत तर याला पर्याय नाही, कारण एका इयत्तेला शिकवताना उरलेल्या मुलांच्या हाताला काम द्यावंच लागतं.

मात्र उत्साहाच्या भरात एक गोष्ट निसटते. लोकवर्गणीतून रंगवलेल्या बोलक्या भिंती हे आपल्या गावोगावच्या शाळांचं भूषण. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे भरपूर सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, साध्या खोलीत सुमारे २८ टक्के. चाचणीतली अचूक उत्तरंही ४२ विरुद्ध ५५ टक्के. प्रयोग छोटा आहे, त्यावरून भिंतींना लगेच चुना फासायला नको. पण फळ्याच्या आजूबाजूचा भाग मोकळा ठेवायला हरकत नसावी.

काही मुलांच्या बाबतीत यातलं काहीच पुरत नाही, कारण अडचण वर्गाबाहेरची असते. फळ्यावरचं अंधुक दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि बोलणी खातं. कमी ऐकू येणारं मूल हाकेला ओ देत नाही. उपाशीपोटी आलेलं, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहत जागलेलं, घरी कोरकू किंवा पावरी बोलणारं आणि पुस्तकातली मराठी परकी वाटणारं, अशा सगळ्यांवर शिक्का एकच बसतो. थोड्या मुलांना अवधानाची वैद्यकीय अडचणही असते. तिचं निदान डॉक्टरांनी करायचं, शिक्षकांनी किंवा शेजाऱ्यांनी नव्हे. आणि छडी, अंगठे धरणं, सगळ्यांसमोर अपमान हे उपाय तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदच केले आहेत.

प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा आला, तर पालकांनी मुलावर डाफरण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग पालकसभेत बाईंना किंवा सरांना सलोख्याने विचारावं: कोणत्या तासाला लक्ष नसतं, कोणत्या तासाला असतं आणि त्या तासाला मुलं नेमकं काय करत असतात?