टोमणे मोजणारा माणूस

नागपुरात ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. शब्द कानाला टोचतो, तरी जिभेवर बसलाय. 1864 पासूनचं मनोरुग्णालय आहे हे! मनोरुग्णालय म्हटलं की डॉक्टर, सिस्टर, गोळ्या आपण धरूनच चालतो. पण अशा दवाखान्यात आणखी एक पाटी असते: ‘समाजसेवा अधीक्षक’. तिथल्या ताई घरच्यांना विचारतात, जेवायला सगळे एकत्र बसता का? कोणाचा कोणाशी अबोला आहे? आता सांगा, आजाराचा आणि अबोल्याचा काय संबंध?

संबंध सापडला लंडनमध्ये, 1950 च्या दशकात, आणि तोही डॉक्टरला नव्हे, तर जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण दवाखान्यातून सुटल्यावर पुढे त्यांचं काय होतं, हे तो पाहत होता. आईवडिलांकडे, नवराबायकोकडे परतलेले सुखात असतील ना? झालं उलटंच! भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहिलेल्यांपेक्षा त्यांचाच आजार जास्त वेळा उलटत होता.

मग ब्राउन आणि सहकाऱ्यांनी घरच्यांच्या मुलाखती टेपवर घेतल्या आणि चक्क टोमणे मोजले. नुसते शब्द नव्हेत, आवाजातली धारसुद्धा! तापमापकाने ताप मोजावा तसा घराचा पारा मोजला. जिथे पारा चढलेला, तिथे आजार उलटण्याचा धोका अधिक. आणि टोमण्यांबरोबर अतिजपणंही बाधत होतं. घर आजार निर्माण करत नाही हो. पण धरू लागलेली खपली निघते ती तिथेच.

पुढे हेच मोजमाप चंडीगढच्या घरांत झालं. टोमणे लंडनपेक्षा कितीतरी कमी! म्हणजे अर्धं औषध आपल्याच ओसरीवर होतं की!

हे औषध द्यायला शिकावं लागतं. कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी हवी, वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली उभारलेल्या मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय नागपुरातच आहे. शिकून ताई करतात काय? आईला दोष देत नाहीत. ‘तुमचा मुलगा अंथरुणातून उठत नाही, तो आळस नाही, आजार आहे,’ एवढंच उलगडून सांगतात. टोमणा ओठांवरच विरतो. कुटुंबाला असं समजावलं की आजार उलटण्याचं प्रमाण घटतं, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं.