बँकेचा वकील तुमचा नव्हे

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या मराठी मंडळींत फ्लॅटचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बँकेनं लोन पास केलंय, म्हणजे कागद क्लियरच. वकिलाला कशाला पैसे द्यायचे?’ फ्लॅट अर्थातच पुण्याचा, ठाण्याचा नाहीतर डोंबिवलीचा. 1995 साली स्थापन झालेल्या या झोनमध्ये जागा मिळते ती कारखान्याला, गोदामाला, तीही भाडेपट्ट्यानं. बरं, हे बोलणारी माणसं अडाणी नसतात. बिल ऑफ लेडिंगवर एक अक्षर चुकलं तर माल अडवून धरणारी हीच माणसं आयुष्याची कमाई ओतताना करारनाम्याच्या पानोपानी न वाचता सह्या करतात.

बँक वकिलाकडून टायटल तपासून घेते, हे खरं. पण त्या वकिलाची अशील बँक असते, तुम्ही नाही. लीगल चार्जेस तुमच्याकडून घेतात आणि अहवाल बहुधा तुम्हाला दाखवतही नाहीत. बँकेला एवढंच बघायचं असतं, की दिलेला पैसा परत येईल का. तुमचा पगार आणि सहकर्जदाराचा पगारही तिच्या हिशेबात असतो. घर हातचं गेलं तरी हप्ता चुकत नाही. ताबा लांबला तर व्याज किती, पार्किंग करारात लिहिलंय की नुसतं तोंडी, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स कधी, याच्याशी बँकेला काय देणंघेणं?

पटत नसेल तर डोंबिवलीकडे बघा. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून 65 इमारतींसाठी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. तिथल्या रहिवाशांकडे नोंदणी केलेले करार होते, महारेराचा नंबर होता आणि अनेकांच्या डोक्यावर बँकेचं गृहकर्जही होतं. म्हणजे आपली मंडळी ज्या तीन गोष्टींच्या भरवशावर निर्धास्त असतात, त्या तिन्ही. नव्हतं ते एकच: परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ‘हा कागद तुमचाच का?’ असं विचारणारं कोणी. इथे अजमानच्या खोलीतून तुम्हाला ते जमणार नाही. तिकडे असलेल्या भावाला जमेल, पण काय विचारायचं ते त्याला ठाऊक हवं.

रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार जमिनीचं टायटल सदोष निघालं तर बिल्डरनं भरपाई द्यायची असते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. छान आहे. फक्त तोवर बिल्डर सापडला पाहिजे.

‘पण रजिस्ट्रेशन झालंय ना?’ हा पुढचा प्रश्न. नोंदणी म्हणजे मालकी, हा गैरसमज इथे राहून जास्त पक्का होतो, असं मला वाटतं. दुबईत 2006 च्या कायद्यानुसार मालमत्ता नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा. फसवणूक किंवा बनावटगिरी दाखवल्याशिवाय तिला आव्हान देता येत नाही. आपल्याकडे 1908 च्या नोंदणी कायद्यात नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये, तामिळनाडूच्या के. गोपी प्रकरणात, हे पुन्हा स्पष्ट केलं. नोंदलेल्या दस्ताचा इंडेक्स टू काढून बघा. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त करून देणाऱ्याचं नाव, करून घेणाऱ्याचं नाव, मुद्रांक शुल्क, सगळे रकाने आहेत. देणाऱ्याला तो हक्क होता का, यासाठी रकाना नाही.

बिल्डरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट? शेवटचा परिच्छेद आधी वाचा. ‘आम्हास दाखवलेल्या कागदपत्रांवरून’ अशा अर्थाचं काहीतरी तिथे सापडेल. न दाखवलेल्या कागदांचं काय, ते तुमचं तुम्ही बघायचं.

बाकीचे गैरसमज झटपट. सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे, ती महसुली नोंद आहे. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला रेरात बंदी आहे, ‘एनआरआय ऑफर’ असली तरी. विकणारा स्वतः एनआरआय असेल तर एक टक्का टीडीएसचा नियम लागू होत नाही. कपात बरीच मोठी असते आणि न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. शेतजमीन किंवा फार्महाऊस एनआरआयला विकत घेताच येत नाही, वारसानं मिळाली तर गोष्ट वेगळी. आणि हो, घर घेताना वकील नेमायची कायद्यानं सक्ती नाही. हेल्मेटचीही एकेकाळी नव्हती.

राहिलं मुखत्यारपत्र. ते कुठेही टाइप करून भावाला कुरिअर केलं की भागलं, हा खास आखातातला समज. दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटकडून ते रीतसर साक्षांकित करून घ्या, शारजावाल्यांसाठीही तेच कॉन्सुलेट आहे. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. मसुदा मित्राकडून व्हॉट्सॲपवर आलेला असेल तर त्यात बहुधा ‘विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे’ अशी लांबलचक यादी असते. तुम्ही घर विकत घेताय. त्या फ्लॅटचा नंबर आणि करारावर सही करून तो नोंदवण्याचा अधिकार एवढं ठेवा, बाकी ओळी खोडा.